‘सारखं’ कशाला म्हणायचं? आपल्या टाइपसाठी आपलं असर्शन

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं.

आधी एक खुलासा. आज बोलताना आम्ही सारखं ‘आम्ही, आम्ही’ करणार आहोत. ते मोठेपणाचं नव्हे. काम चौघांनी केलं, चूकही चौघांची, आणि माइकसमोर उभं राहायची पाळी एकावर आली, एवढंच. चौघंही ठाणे ते कल्याण या पट्ट्यातले. आठवडाभर दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि शनिवार-रविवारी डोंबिवलीत कुणाच्या तरी घरी जमून स्वतःला हवं ते लिहितो. आजची गोष्ट त्या दुसऱ्या कामातली आहे.

विषयाचं नाव पत्रिकेत जरा बोजड छापलं गेलंय, म्हणून सोपं करून सांगतो. आपला कोड बरोबर चालतो की नाही हे तपासायला आणखी कोड लिहावा लागतो. त्याला टेस्ट म्हणतात. टेस्टच्या शेवटी एक वाक्य असतं: आलेलं उत्तर अमुक असलं पाहिजे. हे ठाम विधान म्हणजे असर्शन. खरं ठरलं तर हिरवं, खोटं ठरलं तर लाल. आकडे, स्ट्रिंग, याद्या यांच्यासाठी अशी वाक्यं टेस्टिंग लायब्ररी तयारच देते. (लायब्ररी म्हणजे इथे कोडचा संच. पुढे खरंखुरं वाचनालय येणार आहे, तेव्हा घोटाळा नको.) पण आपण स्वतः बनवलेला टाइप असतो, म्हणजे सभासद, पावती, लोकल, त्याबद्दल त्या लायब्ररीला काहीच ठाऊक नसतं. मग तिच्या वाक्यरचनेत आपली भर घालावी लागते.

ही भर कशी घालायची हे शिकवणारी ट्यूटोरियल पैशाला पासरी मिळतात. आमची तक्रार त्यांच्याबद्दलच आहे. कुठला क्लास एक्स्टेंड करायचा, कुठली मेथड लिहायची, एवढं सांगून ती थांबतात. त्या मेथडच्या पोटात ‘सारखं’ या शब्दाचा अर्थ ठरत असतो आणि तो ठरवताना माणूस कसा घसरतो, याबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा आज शिकवणी नको, समीक्षा करू. आमच्या स्वतःच्या कोडचीही.

उदाहरण फलाटावरून घेऊ. समजा, डोंबिवलीचा एक रोजचा प्रवासी आहे आणि त्याची सकाळची ८.१२ ची फास्ट आहे. आज ती ८.२० ला आली. तो ऑफिसात काय सांगतो? ‘आज आठ-बाराची आठ-वीसला आली.’ या वाक्यात इथे बसलेल्या कुणालाही विसंगती दिसत नाही. (हशा) वेळ बदलली, पण लोकल तीच. उद्या रेक दुसरा असेल, मोटरमन दुसरा असेल, तरी लोकल तीच. कारण तिची ओळख वेळापत्रकातल्या त्या ओळीशी बांधलेली आहे. आता ती चुकली, तर हाच माणूस म्हणतो, ‘मागून तशीच एक आहे.’ म्हणजे तीही फास्ट, तीही सीएसएमटीलाच जाणारी. पण ती तीच नव्हे, तशीच. आणि तीही गेली, की तो समोर आलेली ठाण्याची स्लो पकडतो आणि म्हणतो, ‘चालेल.’

तेच, तसंच आणि चालेल. प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांत याच तीन गोष्टींसाठी पानंच्या पानं खर्ची पडतात आणि आपल्याकडे फलाटावरचा माणूस त्या तीन शब्दांत निकालात काढतो. जेयुनिटमध्ये ‘तेच’साठी असर्टसेम आहे, ‘तसंच’साठी असर्टइक्वल्स आहे. ‘चालेल’साठी सहसा स्वतंत्र नाव नसतं. एक चांगला अपवाद म्हणजे पायटेस्टमधलं अप्रॉक्स. दशांश चिन्हाच्या आकड्यांत शेवटच्या घरात फरक पडतोच. तिथे हे अप्रॉक्स वापरायचं. नावातच कबुली दिलेली आहे की बाबा, हे ‘साधारण तेवढं’ आहे. टेस्ट वाचणाऱ्याची फसवणूक होत नाही.

लोकलच्या टाइपमध्ये आणखी एक गंमत आहे. रात्री बारानंतर सुटणारी शेवटची गाडी कोणत्या तारखेची? कॅलेंडर म्हणतं उद्याची. प्रवासी म्हणतो आजची शेवटची. सार्वजनिक वाहतुकीच्या वेळापत्रकांसाठी जगभर जीटीएफएस नावाचा साचा वापरतात. त्यात अशा गाडीची वेळ सरळ २४:१० किंवा २५:०५ अशी लिहिता येते, म्हणजे साच्याने प्रवाशाची बाजू घेतली. पण तुम्ही तुमच्या लोकल क्लाससाठी असर्शन लिहिताना आत साधी तारीख-वेळ तपासली असेल, तर तुम्ही नकळत कॅलेंडरच्या बाजूने निकाल दिलात. कुणी विचारलंही नव्हतं.

आता वाचनालयाकडे वळू.

डोंबिवलीतलं एक वाचनालय. नाव सांगायचं कारण नाही. त्यांचा दोष काहीच नव्हता. त्यांच्या सभासदांच्या दोन याद्या होत्या. एक जुनी, पूर्वी डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आणि नंतर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणलेली. दुसरी नवी, काउंटरवरच्या लोकांनी फोनवर टाइप केलेली. दोन्ही एकत्र करून एकच यादी आणि नवी ओळखपत्रं, एवढं काम होतं. आम्ही म्हटलं, दोन रविवारांचं काम. (हशा)

पहिल्याच फेरीत एकेक माणूस दोन-दोनदा दिसायला लागला. एका आजींची अनामत एका खात्यावर आणि थकबाकी दुसऱ्या खात्यावर. त्यांचं आडनाव इथे घेत नाही, त्याच जातकुळीतलं ‘कऱ्हाडे’ उदाहरणाला घेऊ. आम्ही टेस्ट लिहिली: दोन्ही याद्यांतली कऱ्हाडे एकच निघाली पाहिजेत. टेस्ट लाल. आणि लाल अक्षरांत संदेश काय, तर ‘कऱ्हाडे’ हे ‘कर्‍हाडे’ याच्या बरोबरीचं नाही. पडद्यावर दोन्हीकडे अगदी तेच अक्षर. आमच्यातल्या एकाने चष्मा पुसला.

कारण असं आहे. हा जो अर्धा ‘ऱ’ आहे, वाऱ्यातला, तऱ्हेतला, आपल्या मराठीचा खास, तो युनिकोडमध्ये दोन रस्त्यांनी लिहिता येतो. एक रस्ता: ‘ऱ’ या अक्षराला स्वतःचा कोड आहे, यू+०९३१, त्याच्यापुढे हलन्त. दुसरा रस्ता: साधा ‘र’, पुढे हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारं चिन्ह, झीरो-विड्थ जॉइनर. ते जॉइनर फॉन्टला सांगतं की इथे रफार वर चढवू नकोस, अर्धा ‘ऱ’ काढ. डोळ्याला दोन्ही सारखे. मशीनला एकात सात कोडपॉइंट दिसतात, दुसऱ्यात आठ. युनिकोडचं ठरीव नॉर्मलायझेशन असतं, एनएफसी वगैरे, ते या दोघांना एक करत नाही. त्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या यादीतला कन्व्हर्टर दुसऱ्या रस्त्याने गेला होता, फोनचे कीबोर्ड पहिल्या रस्त्याने.

आता आम्ही काय केलं ते ऐका, कारण आजच्या भाषणाचं कारण तेच आहे. शनिवारची रात्र, साडेअकरा वाजलेले, एकाला कल्याणला परत जायचंय. आम्ही नाव या टाइपसाठी एक खास असर्शन लिहिलं. जेमतेम सहा ओळी. त्याचं नाव ठेवलं ‘नावं सारखी’. आत काय केलं? दोन्ही नावांतली न दिसणारी चिन्हं काढून टाकली, आणि ‘ऱ’ आला की त्याचा ‘र’ केला. मग दोन्ही सारखी दिसतात. टेस्ट हिरवी. टाळ्या. शेवटची गाडी मिळाली.

पण याद्या एकत्र करणाऱ्या खऱ्या कोडमध्येही एक ओळ होती, ‘अदृश्य कचरा साफ करा’ या सदिच्छेने लिहिलेली. ती जॉइनर काढून टाकत होती. जॉइनर गेलं की दुसऱ्या रस्त्याने लिहिलेला ‘कऱ्हाडे’ कसा दिसतो? ‘कर्हाडे’. ह-वर रफार. म्हणजे कोड नाव बिघडवत होता, आणि आमचं असर्शन तपासण्याआधी बरोबर नावालाही तसंच बिघडवून घेत होतं. दोन बिघडलेली नावं एकमेकांशी छान जुळत होती. शंभर टेस्ट लिहिल्या असत्या तरी शंभर हिरव्या आल्या असत्या. लांबी मोजली असती तरी कळलं नसतं. बरोबर ‘कऱ्हाडे’त सात कोडपॉइंट, चुकीच्या ‘कर्हाडे’तही सातच.

छापखान्यातून ओळखपत्रांचे गठ्ठे आले. आजी काउंटरवर आल्या, कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाल्या, ‘हे माझं नाव नाही. ज्यांचं असेल त्यांना शोधून द्या.’

ज्या बाईंनी त्याच वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं सही केली, त्यांना आम्ही त्यांचंच नाव बिघडवून दिलं, आणि ते बरोबर असल्याचं लेखी प्रमाणपत्रही आमच्याकडे होतं. हिरवं. बग कुणाकडूनही होतो. पण असर्शनमधला बग वेगळ्या जातीचा असतो. तो चूक करत नाही, चुकीला संमती देतो. साधा बग एक दिवस कुणाच्या तरी नजरेस पडतो. हा दुसऱ्या बगांवर पांघरूण घालून बसतो.

आमची खरी चूक सहा ओळींची नव्हती. नावाची होती. आत लिहिलं होतं ‘चालेल’ आणि बाहेर पाटी लावली होती ‘सारखी’. मराठीतला ‘सारखं’ हा शब्दच जरा लबाड आहे, तेच आणि तसंच या दोघांच्या मधे उभा राहतो आणि दोघांनाही हो म्हणतो. त्या असर्शनचं नाव आम्ही ‘रफाराकडे न बघता जुळतात’ असं ठेवलं असतं, तर साडेअकरा वाजता झोपेतसुद्धा कुणीतरी विचारलं असतं, अरे, रफाराकडे न बघून कसं चालेल?

दुरुस्ती करताना ग्रंथपाल बाईंची मदत झाली. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ‘तुमचं ते यंत्र आचारी आणि आचार्य यांत फरक करतं का?’ आम्ही गप्प. ‘आचाऱ्यांना बोलवा’ आणि ‘आचार्यांना बोलवा’. जेवणाच्या वेळी हा फरक महत्त्वाचा असतो. (हशा) डोंगरातल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’. आमच्या असर्शनच्या मते ही सगळी माणसं आणि सगळा भूगोल एकच.

नव्या असर्शनमध्ये आम्ही फक्त एक सवलत ठेवली: अर्धा ‘ऱ’ लिहायचे ते दोन रस्ते एकाच रूपात आणायचे, ‘ऱ’ आणि हलन्त. बाकी कशालाही हात लावायचा नाही. त्यानंतर कोडपॉइंट न् कोडपॉइंट जुळला पाहिजे. आणि त्या असर्शनच्याच टेस्ट लिहिल्या. हो, तपासनिसाची तपासणी. दोन याद्या केल्या. एकीत जुळायलाच हव्यात अशा जोड्या, दुसरीत जुळताच कामा नयेत अशा. पहिली यादी आम्ही केली. ती कुणीही करेल. दुसरी, नकाराची यादी, बाईंनी केली, आणि सगळी किंमत तिच्यात आहे. ट्यूटोरियलमध्ये आम्ही ही दुसरी यादी क्वचितच बघितली. असर्शन कशाला हो म्हणतं हे दाखवून लेखक मोकळा होतो. कशाला नाही म्हणतं ते दाखवायला विषय माहीत असावा लागतो.

आता लायब्ऱ्यांकडे जरा चिकित्सेने बघू. (‘लायब्ऱ्या’ या शब्दातही तो आलाच बघा.) बघायचं ते एकाच दृष्टीने: निकाल कोण देतो आणि कारण कोण सांगतो?

जावाच्या जगात हॅमक्रेस्ट आहे. ‘मॅचर्स’ या शब्दातली इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की हे नाव तयार होतं. तिथे आपल्या टाइपसाठी टाइपसेफमॅचर एक्स्टेंड करायचा. निकालाची मेथड वेगळी, वर्णनाची वेगळी, आणि जुळलं नाही तर काय बिनसलं ते सांगायची तिसरी. मांडणी म्हणून उत्तम. निकाल आणि कारणमीमांसा शेजारी शेजारी. पण तिसरी मेथड लिहिणं सक्तीचं नाही. नाही लिहिली तर लायब्ररी आपलं ठोकळेबाज वाक्य देते: होतं ते अमुक. म्हणजे आमच्या प्रकरणात ‘हवं कऱ्हाडे, होतं कर्‍हाडे’. पुन्हा चष्मे पुसा. जी गोष्ट ऐच्छिक असते ती रात्री साडेअकराला कुणी लिहीत नाही.

हॅमक्रेस्टचा दुसरा खड्डा नकारातला आहे, आणि तो जास्त खोल आहे. टाइपसेफमॅचरला नल दिलं, किंवा भलत्याच टाइपचं काही दिलं, तर तो शांतपणे ‘नाही जुळत’ म्हणतो. आता त्यालाच ‘नॉट’मध्ये गुंडाळा. ‘या दोन सभासदांची नावं तशीच नसावीत’ अशी टेस्ट लिहा, आणि कोडमधल्या बगमुळे नाव आलंच नाही असं समजा. नल जुळत नाही, म्हणून नकार खरा, म्हणून हिरवं. सभासदच गायब आहे आणि टेस्ट खूश आहे. आमचा नियम असा, की तुलना करण्यासारखं काही आलंच नाही, तर असर्शनने ‘नाही’ म्हणू नये, सरळ आरडाओरडा करावा. एक्सेप्शन फेकावं. ‘वेगळं आहे’ आणि ‘मुळात नाहीच’ ही दोन उत्तरं आहेत.

असर्टजे आणि डॉटनेटमधलं फ्लुएंट असर्शन्स ही दुसरी शैली. ऑब्जेक्टपुढे टिंब द्या, आणि एडिटर त्या टाइपला लागू पडणारी वाक्यं सुचवतो. सभासदापुढे टिंब दिलं की ‘थकबाकी नसावी’ हेही यादीत येतं. टीममध्ये नवीन आलेल्या माणसाला याचा फार उपयोग होतो. शब्दसंग्रह शोधावा लागत नाही, समोर येतो. त्यासाठी जेनेरिक्सचा परांचा बराच उभारावा लागतो, ते सोडा. आमची शंका वेगळी आहे. टिंबांची साखळी वाचायला गोड लागते म्हणून लोक ती लांबवतात, आणि मग असर्शन हे वाक्य न राहता परिच्छेद होतो. लाल झाल्यावर परिच्छेदातलं कुठलं वाक्य खोटं निघालं ते हुडकत बसा. शिवाय फ्लुएंट असर्शन्सने जानेवारी २०२५ मध्ये आठव्या आवृत्तीपासून व्यावसायिक वापराला पैसे आकारायला सुरुवात केली. तो त्यांचा हक्क आहे, तक्रार नाही. पण ज्यांनी आपल्या टाइपचे सगळे शब्द त्यांच्या बेसक्लासवर बांधले होते, त्यांना भाडेकरूची घालमेल कळली. निकालाचं गणित साध्या फंक्शनमध्ये ठेवा, लायब्ररीला ते फक्त चिकटवा. घर बदलायचं झालं तर भांडीकुंडी आपली राहतात.

पायथनमध्ये आम्ही काम करतो, म्हणून पायटेस्टबद्दल जरा जास्त. तिथे खास वाक्यरचनाच नाही. साधं असर्ट, पुढे दोन बरोबरच्या खुणा. टेस्टची फाइल इम्पोर्ट होतानाच पायटेस्ट ते असर्ट आतून नव्याने लिहितं, म्हणून लाल झाल्यावर दोन्ही बाजूंच्या किमती दिसतात. आपल्या टाइपसाठी एक हुक असतं, असर्टरेप्र-कंपेअर नावाचं. त्यात दोन ऑब्जेक्ट येतात आणि आपण संदेशाच्या ओळी परत द्यायच्या. लक्षात घ्या, हे हुक निकाल बदलू शकत नाही. निकाल त्या टाइपच्या स्वतःच्या बरोबरीचा. हुक फक्त कारण सांगतं. ही वाटणी आम्हाला मनापासून पटते. आमचा संदेश आता असा येतो: ‘नाव तसंच नाही. जागा २: हवा होता ऱ, आला र. बाकी सगळं जुळतं.’ हे वाचून ग्रंथपाल बाईही सांगू शकतात काय झालंय ते.

पण याच सोयीत मोह आहे. निकाल टाइपच्या बरोबरीवर अवलंबून, म्हणून टेस्ट हिरवी करायला लोक टाइपची बरोबरीच सैल करतात. जेरार्ड मेझारोस यांनी एक्सयुनिटच्या पॅटर्नवर २००७ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात याला बरोबरीचं प्रदूषण अशा अर्थाचं नाव दिलंय. प्रदूषण हाच शब्द योग्य. टेस्टसाठी सोडलेली घाण खऱ्या कोडच्या नदीत जाते. उद्या त्याच बरोबरीवर सेट चालतो, डिक्शनरी चालते आणि दोन वेगळे सभासद एका खात्यात बुडतात.

जुन्या युनिटटेस्टमध्ये उलटी सोय आहे. एखाद्या टाइपसाठी तुलनेचं फंक्शन टेस्टकडे नोंदवून ठेवायचं. मग असर्टइक्वल ते आपोआप वापरतं. खऱ्या कोडला हात लागत नाही, छान. पण ते नेमक्या त्याच टाइपला लागतं. सभासदाचा सबक्लास केला, आजीव सभासद, की ही नोंद गुपचूप बाजूला पडते आणि साधी बरोबरी वापरली जाते. वाचणाऱ्याला टेस्टमध्ये काहीच फरक दिसत नाही. आम्ही ते सोडलं. जे असर्शन वेगळं काही करतं, त्याचं नावही वेगळं दिसलं पाहिजे.

नावावरून एक आडवळण. या सगळ्या लायब्ऱ्यांची वाक्यं इंग्रजी वाक्याच्या हाडांवर उभी आहेत. आधी असर्ट, मग वस्तू, मग इज, मग अपेक्षा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि अपेक्षा सांगायला आपल्याकडे नेमकं रूप आहे: असावं. पायथनमध्ये देवनागरी नावं चालतात, म्हणून आम्ही हौसेने ‘तसंच_असावं’ लिहिलं. दुसऱ्याच दिवशी अडलं. नाव तसंच असावं, ठीक. पावती? तशीच असावी. पास? तसाच असावा. एका असर्शनची तीन लिंगं झाली, अनेकवचन अजून बाकी. शेवटी टिंबांची साखळी सोडली आणि प्रत्येक टाइपला स्वतःचं एक पूर्ण वाक्य दिलं. बरं झालं, एका दृष्टीने. सगळ्या टाइपना लागू पडणारं सैल असर्शन लिहायची सोयच राहिली नाही. प्रत्येकाबद्दल वेगळा विचार करावा लागला. आणि जाता जाता सांगतो, पायथनमध्ये व्हेरिएबलचं नाव ‘कऱ्हाडे’ पहिल्या रस्त्याने लिहिलं तर चालतं, दुसऱ्या रस्त्याने, जॉइनर घालून लिहिलं तर सिंटॅक्स एरर. त्या रात्री आम्ही नाव स्ट्रिंगमध्ये न लिहिता व्हेरिएबलला दिलं असतं तर तिथेच अडलो असतो. (हशा)

प्रश्न घेऊ या.

इकडून विचारतायत, हल्ली असर्शन एआय लिहून देतो, मग एवढा खटाटोप कशाला? देतो, आणि आम्ही मागून बघितलं आहे. दोन सारखी दिसणारी नावं जुळत नाहीत म्हटल्यावर त्याने पहिल्या फटक्यात आमच्यासारख्याच ओळी दिल्या, न दिसणारी चिन्हं काढून टाका. मग नकाराची यादी मागितली. मासले दिले, पण आचारी-आचार्य त्यात नव्हतं. ते बाईंकडूनच आलं.

दुसरा प्रश्न, दोन फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिसतात, त्याचं काय? त्याचं काही नाही. तो फॉन्टचा मामला, कोड एकच. दिसायला वेगळं आणि आतून तेच. आमच्या दुखण्याच्या बरोबर उलट.

शेवटचा घेतो, लोकलची वेळ होत आली. त्या आजींना बरोबर कार्ड मिळालं का? मिळालं. नाव बघितलं, मान डोलावली. मग पत्ता वाचायला लागल्या. त्यांच्या इमारतीच्या नावात ‘ॲनेक्स’ आहे. हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधी लोक तो ‘अ’वर चंद्र देऊन लिहायचे, कुणी मधे जॉइनर घालून, कुणी न घालता. म्हणजे तीन रस्ते. आमच्या साफसफाईने त्यातल्या एकाचं काहीतरी भलतंच केलं होतं, आणि पत्ता या टाइपसाठी आम्ही असर्शन लिहिलेलंच नव्हतं. आजींनी कार्ड परत टेबलावर ठेवलं. आता लिहिलंय, नकाराच्या यादीत अजून चारच जोड्या आहेत. कुणाला आणखी सुचल्या तर जाताना टेबलावरच्या वहीत लिहून ठेवा.